कॅमेऱ्यांतील सुई

आमच्या घरीं एक छायाचित्र आहे. आजी पांढरें शुभ्र लुगडें नेसून चुन्यानें सारविलेल्या भिंतीपाशीं बसली आहे. परंतु चित्रांत लुगडें राखेसारखें, भिंत मळकट आणि आजीचा चेहरा अंधारांत बुडालेला. तें मींच काढलेलें असल्यामुळें दोष दुसऱ्या कोणाचा नाहीं.

कॅमेरा होता फिल्म घालावयाचा, जपानी असाही ऑप्टिकल कंपनीचा पेंटॅक्स के १०००. हा १९७६ सालीं निघाला व १९९७ पर्यंत तयार होत होता. त्यांत भिंगामागें तिरपा आरसा असतो. त्यामुळें भिंगांतून येणारेंच दृश्य डोळ्यास दिसतें, आणि कळ दाबतांच आरसा वर उचलला जाऊन प्रकाश फिल्मवर पडतो. तो किती पडावा हें ठरविणारीं साधनें दोन. पहिलें भिंगांतील छिद्र. त्याचे आंकडे २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे असून आंकडा मोठा तितकें छिद्र लहान. कारण भिंगाच्या केंद्रांतरास छिद्राच्या व्यासानें भागिलें असतां तो येतो. ५० मिलिमीटरच्या भिंगास २ वर २५ मिलिमीटरचें छिद्र, तर १६ वर जेमतेम ३ मिलिमीटरचें. दुसरें साधन शटर, म्हणजे फिल्मपुढील पडदा. तो एक सेकंदापासून १/१००० सेकंदापर्यंत उघडा ठेवितां येतो. दोहोंतही एक पायरी सरकलें कीं प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होतो. म्हणून ८ व १/२५० यांऐवजीं ५.६ व १/५०० घेतले तरी प्रकाश तितकाच; मात्र धांवणारा मुलगा अधिक स्पष्ट उमटेल व मागचें झाड किंचित् पुसट होईल.

आंत पाहिलें असतां उजवीकडे एक सुई दिसते. फिल्मचा वेग आधीं लावून, सुई मध्यावर येईपर्यंत छिद्र व शटर फिरवावें, असें मला शिकविलें होतें. येथेंच फसगत झाली. सुईला आजी दिसत नाहीं. तिला केवळ उजेड कळतो, आणि समोरचें सारें मध्यम राखाडी आहे असें ती धरून चालते. सर्वत्र पांढरें असलें म्हणजे उजेडच फार आहे असें समजून ती आपणांकडून प्रकाश कमी करविते. आणि कमी प्रकाश लागलेल्या निगेटिव्हांत काळोख्या भागांचा तपशील उमटतच नाहीं. मग छापणाऱ्यानें तो कोठून आणावा?

अशा वेळीं सुई मध्यावर आणून मग प्रकाश एक-दोन पायऱ्या वाढवावा. काळ्या म्हशीचें चित्र काढतांना मात्र उलट, कमी करावा. चेहऱ्यासाठीं आणखी सोपी युक्ति आहे: जवळ जाऊन चेहऱ्यानेंच चौकट भरावी, आंकडे ठरवावे, व मागें येऊन ते न बदलतां कळ दाबावी. गव्हाळ चेहरा त्या राखाडी छटेपासून फारसा दूर नसतो.

बॅटरी संपली तर सुई निजते, पण शटर यांत्रिक असल्यामुळें कॅमेरा अडत नाहीं. लख्ख उन्हांत १०० वेगाच्या फिल्मला छिद्र १६ व शटर १/१२५ बहुधा पुरतें.

त्या रिळांत ३६ चित्रें होतीं. आजीसाठीं मीं एकच खर्चिलें, आणि रीळ धुवून आलें तेव्हां ती हयात नव्हती. आतां घरांतील वडीलधाऱ्यांचें चित्र घेतांना मी तीन घेतों: एक सुईच्या सांगण्याप्रमाणें, एक त्याहून एक पायरी अधिक, एक दोन पायऱ्या अधिक.