नळ्यांसकट घरी

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं की हल्ली बाईला फार दिवस दवाखान्यात ठेवत नाहीत. थोड्याच दिवसांत घरी पाठवतात. टाके ओले असतात, हात पुरता उचलत नाही, आणि अंगातून बाहेर आलेली एखादी किंवा दोन नळ्या, टोकाला बाटली, तशाच सोबत येतात. डॉक्टर त्यांना ड्रेन म्हणतात. ऑपरेशनबद्दल सगळे बोलतात, केमोबद्दल त्याहून जास्त. या नळ्यांबद्दल मात्र बायका आपापसातही बोलत नाहीत.

आमच्या भाभी चिपळूणच्या. गेल्या वर्षी मुंबईत त्यांचं ऑपरेशन झालं. तपासणीला पुन्हा पुन्हा जावं लागणार, म्हणून गावी न नेता त्यांना मुंब्र्याला आमच्याकडे आणलं. डाव्या बाजूचा स्तन आणि काखेतल्या गाठी काढल्या होत्या. त्याच वेळी प्लास्टिक सर्जननी पाठीवरचा स्नायू, त्यावरच्या कातडीसकट, फिरवून पुढे आणून छाती पुन्हा उभी केली होती. म्हणजे जखमा दोन आणि नळ्याही दोन, एक काखेखालून आणि एक पाठीतून. पुढचे साडेतीन आठवडे त्या नळ्या आम्हा दोघी नणंदांच्या ताब्यात होत्या.

नळी कशासाठी असते ते आधी समजून घेतलं तर अर्धी भीती जाते. जिथून मांस काढलं तिथे कातडीखाली पोकळी राहते. तिच्यात थोडं रक्त आणि पाझरणारं पाणी साचतं. ते साचून राहिलं तर कातडी आतल्या थराला धरत नाही, फुगवटा येतो, जंतूंना घर मिळतं. नळीच्या आतल्या टोकाला बारीक भोकं असतात. बाहेरची बाटली दाबून, हवा काढून, बूच लावलं की ती पुन्हा फुगायला बघते आणि त्या ओढीने आतलं पाणी बाहेर येतं. काही ठिकाणी ही बाटली लिंबाहून थोड्या मोठ्या रबरी फुग्यासारखी असते, काही ठिकाणी बाजाच्या पेटीच्या भात्यासारखी घड्यांची. आमच्याकडे भात्याची होती. दोन्हीचं तत्त्व एकच. दबलेली असेल तोवर ती काम करते. हवा भरून फुगली की ती नुसती लटकलेली बाटली.

दवाखान्यातून निघताना नर्सबाईंनी हे सगळं दोन मिनिटांत दाखवलं आणि त्या दुसऱ्या खाटेकडे वळल्या. वॉर्ड भरलेला होता. आम्ही त्यांना परत बोलावलं, त्यांच्यासमोर आमच्या हातांनी एकदा बाटली रिकामी केली आणि मोबाइलवर फक्त बाटलीचा आणि हातांचा व्हिडिओ काढून घेतला. हे प्रत्येक घराने करावं. घरी आल्यावर रात्री दहा वाजता 'चिमटा आधी लावायचा की बूच आधी काढायचं' हा प्रश्न पडतो, तेव्हा विचारायला कुणी नसतं.

क्रम असा. हात साबणाने स्वच्छ धुवायचे, हातमोजे घालायचे. नळीवरचा चिमटा बंद करायचा. बूच काढायचं, पण बाटलीच्या तोंडाला बोट लावायचं नाही. आतलं पाणी मापाच्या ग्लासात ओतायचं. हा ग्लास मेडिकलच्या दुकानात मिळतो. तो संडासाजवळच ठेवायचा, स्वयंपाकघरात आणायचा नाही. बाटलीवरच्या रेघांवर भरवसा ठेवू नये, ग्लासातला आकडाच खरा. मग बाटली पूर्ण दाबून, दाबलेल्या स्थितीतच बूच घट्ट लावायचं आणि चिमटा उघडायचा. हा शेवटचा चिमटा उघडायला विसरलं तर बाटली रात्रभर कोरडी राहते आणि घरच्यांना वाटतं, वा, पाणी बंद झालं! पाणी कमोडमध्ये ओतून द्यायचं, ग्लास धुवायचा, हात पुन्हा धुवायचे.

आम्ही सकाळी सात आणि संध्याकाळी सात ही वेळ धरली. आधी फजर आणि मगरिबनंतर करायचं ठरलं होतं, पण नमाजच्या वेळा सरकत जातात आणि डॉक्टरांना चोवीस तासांचा हिशेब हवा असतो. एक शाळेची वही घेतली. तारीख, वेळ, काखेची नळी किती, पाठीची किती, रंग कसा. दोन नळ्यांची बेरीज करून लिहायची नाही, कारण प्रत्येक नळी तिच्या आकड्यावर निघते. सुरुवातीला पाणी लाल होतं, मग गुलाबी झालं, दुसऱ्या आठवड्यात गवताच्या काडीसारखं पिवळसर. रंग असाच उतरत जायला हवा. पहिल्या दिवशी घरी काखेतून ११० मिली आलं आणि पाठीतून १६०. आम्ही घाबरलो, फोन केला. डॉक्टर म्हणाले, पाठीतून स्नायू घेतला की तिथे जास्तच येतं आणि ती नळी उशिरापर्यंत राहते.

मधे एका सकाळी काखेच्या नळीतून काहीच आलं नाही आणि काखेजवळ फुगल्यासारखं दिसलं. उजेडात धरून पाहिलं तर नळीत शेवाळ्यासारखा एक धागा अडकला होता. रक्त साकळून असे धागे होतात. एका हाताने नळी कातडीजवळ पक्की धरायची, म्हणजे टाक्यावर ओढ येत नाही, आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी चेपत चेपत बाटलीकडे आणायचं. हे आम्हाला डॉक्टरांनी दाखवलेलं होतं म्हणून केलं. सगळेच सर्जन हे करू देत नाहीत, तेव्हा आधी विचारून ठेवावं. धागा खाली उतरला आणि पाणी पुन्हा सुरू झालं.

कपड्यांचा प्रश्न छोटा वाटतो, पण दिवसभर छळणारा तोच. डोक्यावरून घालायचं काहीच चालत नाही. पुढून बटणं असलेली मॅक्सी, नाहीतर भाईजानचे जुने शर्ट. जुन्या सुती दुपट्ट्याच्या दोन पिशव्या शिवल्या, त्यांना परकराची नाडी लावली आणि कमरेला बांधल्या. बाटली जखमेच्या खालच्या पातळीला राहिली पाहिजे, आणि नळीला थोडी ढील हवी. नळी पिनेने कपड्याला अडकवायची तर तिला चिकटपट्टीचा फास करून त्यात पिन घालायची. पिन नळीत घुसता कामा नये. सैल बुरख्याखाली दोन्ही पिशव्या दिसत नव्हत्या, म्हणून तपासणीला जाताना भाभी निर्धास्त होत्या. लोकलने मात्र नेलं नाही. मुंब्रा स्टेशनच्या गर्दीत एक धक्का पुरे. दाराच्या कड्या, खुर्चीचे हात, आणि घरातलं चार वर्षांचं पोर, या तिघांवर सतत नजर ठेवावी लागते.

नमाजबद्दल भाभींना पहिल्याच दिवशी शंका आली. अंगाला रक्ताची बाटली बांधून पाक कशी राहणार? वुजूचे अवयव तोंड, हात, डोकं, पाय. पट्टी होती छातीला आणि पाठीला, म्हणजे वुजूला तिची आडकाठी नव्हती. रक्ताचं म्हणाल तर हनफी मतात वाहत्या रक्ताने वुजू जातो, पण ते सतत वाहत असेल तर माणूस माजूर धरला जातो आणि नमाजच्या प्रत्येक वेळेसाठी एक वुजू पुरतो. कोकणातले आपण बहुतेक शाफई, आणि शाफई मतात जखमेच्या रक्ताने वुजू जात नाही. तरी आम्ही मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारून घेतलं. त्यांनी खुर्चीवर बसून, इशाऱ्याने नमाज पढायला सांगितलं. गुस्लची वेळ आली तर धुता येईल तेवढं धुवून, पट्टीवर मसह करून तयम्मुम करायला सांगितलं. आपल्या मसलकाप्रमाणे आपल्या आलिमांना विचारावं. शंका मनात ठेवून नमाज सोडणं किंवा पट्टी भिजवणं, दोन्ही नको.

आणखी एक कुजबुज. इयादतीला आलेल्या एका खालांनी विचारलं, जीव वाचला ते बस नाही का, छाती पुन्हा बनवायचा हौसेचा खर्च कशाला? प्लास्टिक सर्जरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे नट्यांची नाकं येतात. मोडलेलं दुरुस्त करणं हे तिचं मूळ काम. १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये कपाळाच्या कातडीने नवं नाक बसवलेल्या एका बैलगाडीवाल्याची हकीकत छापून आली, ते ऑपरेशन आपल्या पुण्याकडचंच होतं. आणि हदीसमध्ये अरफजा बिन असअद (रजि.) यांचा किस्सा आहे. लढाईत त्यांचं नाक कापलं गेलं होतं. चांदीचं नाक बसवलं, त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषित (स.) यांनी त्यांना सोन्याचं बसवायला सांगितलं. सोनं पुरुषांना मना असूनही. खालांना एवढं सांगितलं. त्या पुढच्या वेळी यखनी घेऊन आल्या.

येणाऱ्यांचे सल्ले पुष्कळ होते. भात बंद करा, केळी बंद करा, पाणी कमी प्या म्हणजे नळीचं पाणी आटेल. तसं काही होत नाही. नळीतलं पाणी प्यायलेल्या पाण्याचं नसतं, ते जखमेचं पाझरणं असतं. उलट त्यातून शरीरातली प्रथिनं जातात, म्हणून अंडी, मासे, डाळ, दही व्यवस्थित खायला हवं. नळीच्या भोकाशी हळद लावायची नाही. आणि मशेरी बंद. भाभींना लग्नापासूनची सवय. ऑपरेशनच्या आधीच प्लास्टिक सर्जननी ती सोडवली होती. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात आणि फिरवून आणलेल्या मांसाला रक्त कमी पडतं. घरातल्या पुरुषांनी सिगारेटही गॅलरीत नाही, इमारतीच्या खाली जाऊन ओढावी.

कामाचंही तसंच. हात अगदी बांधून ठेवायचा नाही, केस विंचरण्याइतका हलवायचा. पण नळी असेपर्यंत खांद्याच्या वर नाही आणि वजन उचलायचं नाही. आठव्या दिवशी भाभी आम्हाला न सांगता भाकऱ्या थापायला बसल्या. दुसऱ्या दिवशी वहीत काखेचा आकडा ४० वरून ६५ वर गेला. वही चुगली करते, असं त्या म्हणाल्या.

काखेची नळी बाराव्या दिवशी निघाली. बहुतेक सर्जन चोवीस तासांत साधारण ३० मिलीच्या खाली, तेही सलग दोन दिवस, असा हिशेब धरतात. पाठीची मात्र ४५-५० वर अडून बसली. इकडे चिपळूणला भाभींच्या भाचीचा निकाह आठवड्यावर आला होता. एका संध्याकाळी त्यांनी हळूच सांगितलं, आज २५ लिहा ना, उद्याही २५ लिहा. डॉक्टर वहीच तर बघतात.

आम्हाला त्यांची कीव आली नाही असं नाही. दोन आठवडे त्या बाटलीसोबत झोपल्या होत्या. पण डॉक्टरांकडे त्या पाठीच्या आत बघायला दुसरं काही नव्हतं, फक्त ती वही होती. नळी लवकर काढली तर पाणी येणं थांबत नाही, ते आत साचतं. मग सुईने काढा, पिकलं तर जखम उघडा, आणि जखम भरल्याशिवाय केमो सुरू करत नाहीत. निकाहच्या एका दिवसासाठी केमो लांबवायचा का, असं आम्ही त्यांना सरळ विचारलं. भाभी रडल्या आणि दोन दिवस आमच्याशी धड बोलल्या नाहीत. वहीत ४८ लिहिलं. निकाह त्यांनी मोबाइलवर पाहिला.

कधी थांबायचं नाही तेही लिहून ठेवावं. बाटली पाहता पाहता लालभडक रक्ताने भरू लागली. ताप १०१ च्या वर गेला. नळीभोवती लाली वाढली, पू किंवा दुर्गंधी आली. नळी निसटून बाहेर आली. दाबलेली बाटली लगेच हवेने फुगू लागली. किंवा नव्या छातीची कातडी निळसर, काळपट अथवा पांढरीफटक दिसू लागली. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न पाहता फोन करायचा. शेवटच्या लक्षणात तर फोन करता करता निघायचं. निसटलेली नळी आत ढकलायची नाही, स्वच्छ पट्टी लावून जायचं.

पाठीची नळी चोविसाव्या दिवशी निघाली. डॉक्टरांनी टाका कापला, लांब श्वास घ्यायला सांगितला आणि ओढली. काही सेकंद जळजळलं, एवढंच. भोक दोन दिवस पाझरलं आणि आपोआप मिटलं. आठवड्याभराने पाठीला हाताला लागेल असा पाण्याचा मऊ फुगवटा आला. पाठीतून स्नायू घेतल्यावर असं बऱ्याच जणींना होतं. तो दवाखान्यात दोनदा सुईने काढला, दुसऱ्या वेळी अगदी थोडं निघालं. त्याच भेटीत केमोची तारीख मिळाली, आणि भाभींनी वहीच्या उरलेल्या पानांवर केमोच्या तारखा लिहायला घेतल्या.