जन्मपूर्व विकास, प्रसूती आणि नवजात अर्भकाच्या क्षमता : एक विवेचन

प्रस्तावना

मानवी विकासाचा अभ्यास जन्माच्या क्षणापासून सुरू करण्याची प्रथा मानसशास्त्रात दीर्घकाळ रूढ होती. सतराव्या शतकात जॉन लॉक यांनी मानवी मनाला कोऱ्या कागदाची उपमा दिली, तर विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये नवजात बालकाचे अनुभवविश्व म्हणजे एक अविभक्त गोंधळ होय असे प्रतिपादन केले. आपल्याकडील ‘मूल म्हणजे मातीचा गोळा’ ही समजूतही याच जातीची आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील संशोधनाने या तिन्ही कल्पनांना जोरदार धक्का दिला. जन्म हा विकासाचा आरंभ नसून विकासातील एक संक्रमण आहे, आणि जन्मलेले अर्भक अनेक क्षमतांसह या जगात प्रवेश करते, ही भूमिका आज सर्वमान्य झाली आहे. हा प्रश्न केवळ सैद्धांतिक नाही. अर्भकाला काय कळते आणि काय जाणवते याविषयी समाजाची जी धारणा असते, तिच्यावर त्याला मिळणारी वागणूक व पुष्कळदा त्याचे जगणेही अवलंबून असते.

गर्भधारणा आणि लिंगनिश्चिती

स्त्रीबीज व शुक्रजंतू यांच्या मीलनातून फलित बीज तयार होते. दोन्हींकडून प्रत्येकी २३ अशी एकूण ४६ रंगसूत्रे त्यात एकत्र येतात. स्त्रीबीजात नेहमी एक्स रंगसूत्र असते, शुक्रजंतूत मात्र एक्स किंवा वाय यांपैकी कोणतेही एक असू शकते. म्हणजेच मुलगा की मुलगी हे पित्याकडून येणाऱ्या रंगसूत्राने ठरते. इयत्ता दहावीच्या पुस्तकातील हे वाक्य तोंडपाठ असलेल्या सुशिक्षित कुटुंबांतही मुलगी झाल्याचा दोष सुनेच्या माथी मारला जातो, ही वस्तुस्थिती अभ्यासकाने दृष्टिआड करू नये. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, त्यानंतर १९९४ मध्ये केंद्रीय कायदा झाला व २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. लोकांना विज्ञान कळल्याने वर्तन आपोआप बदलते असे मानणाऱ्यांनी या कायद्यांची गरज का भासली याचा विचार करावा.

जन्मपूर्व विकासाच्या अवस्था

जन्मपूर्व विकासाच्या बीजावस्था, भ्रूणावस्था व गर्भावस्था अशा तीन अवस्था मानल्या जातात. मराठीत ‘नऊ महिने नऊ दिवस’ असा वाक्प्रचार आहे. वैद्यकशास्त्र शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे मोजते. लोकगणित आणि वैद्यकीय गणित यांत फारसे अंतर नाही. प्रत्यक्ष गर्भधारणेपासून मात्र हा काळ सुमारे ३८ आठवड्यांचा असतो. पुढील विवेचनात, अन्यथा सांगितले नसल्यास, गर्भधारणेपासूनचाच काळ दिला आहे.

पहिल्या दोन आठवड्यांच्या बीजावस्थेत फलित बीजाचे विभाजन होत होत पेशींचा गोळा तयार होतो. साधारण सहाव्या दिवसापासून तो गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागतो. तिसऱ्या ते आठव्या आठवड्यापर्यंतची भ्रूणावस्था ही सर्वाधिक नाजूक अवस्था होय. याच काळात सर्व प्रमुख अवयवांची पायाभरणी होते. सुमारे बाविसाव्या दिवशी हृदयाचे स्पंदन सुरू होते. मेंदू व मज्जारज्जू ज्या नलिकेपासून बनतात ती मज्जानलिका अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटलेली असावी लागते. ती नीट मिटली नाही तर मेंदूची वा पाठीच्या कण्याची गंभीर विकृती उद्भवते.

या अठ्ठावीस दिवसांचा अर्थ थोडा थांबून समजून घेतला पाहिजे. त्या वेळी स्त्रीची पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. अनेकींना दिवस गेल्याची खात्रीही झालेली नसते. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, आधी असे मूल झालेल्या स्त्रियांनी गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक आम्ल घेतल्यास ही विकृती पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटते असे आढळले. गरोदरपणाची नोंद झाल्यावर, म्हणजे बहुधा तिसऱ्या महिन्यात, सुरू केलेल्या गोळ्या आईच्या रक्तासाठी उपयुक्त असतात. मज्जानलिकेसाठी मात्र त्यांना फार उशीर झालेला असतो. म्हणून गर्भाची काळजी ही गर्भवतीची काळजी एवढ्यावर न थांबता विवाहयोग्य वयातील प्रत्येक तरुणीच्या आहाराचा प्रश्न बनते.

नवव्या आठवड्यापासून जन्मापर्यंतच्या गर्भावस्थेत अवयवांची वाढ होते व ते कार्यक्षम होऊ लागतात. हालचाल, गिळणे, अंगठा चोखणे या क्रिया गर्भाशयातच दिसू लागतात. वार आणि नाळ यांच्याद्वारे गर्भाला प्राणवायू व पोषण मिळते. वार हा गाळणीचा पडदा आहे खरा, परंतु मद्य, निकोटिन, अनेक औषधे व काही विषाणू त्यातून सहज पार होतात.

मातेचे पोषण : पुणे जिल्ह्यातील एक अभ्यास

गर्भाच्या पोषणाविषयी जागतिक दर्जाचे एक संशोधन महाराष्ट्रातच झाले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांचा गर्भधारणेपूर्वीपासून अभ्यास केला. या शेतकरी स्त्रियांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते. पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बाळांचे ३.५ किलो. येथपर्यंत अनपेक्षित काही नाही. परंतु २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसले की, पुण्याच्या बाळांचे पोट व स्नायू बरेच लहान असले तरी त्वचेखालील चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला किडकिडीत, पण चरबीने तुलनेने स्थूल असे हे बाळ पुढे मधुमेहाला अधिक बळी पडते, असे या संशोधकांचे प्रतिपादन आहे. हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा खाणाऱ्या मातांची बाळे आकाराने मोठी होती, हेही याच अभ्यासातून पुढे आले. ‘बाळ फार मोठे झाले तर बाळंतपण अवघड जाते’ म्हणून गर्भवतीचे जेवण कमी करण्याचा जो सल्ला अजूनही घरोघरी ऐकू येतो, तो या पार्श्वभूमीवर घातक ठरतो.

गर्भातील श्रवण

अभिमन्यूने सुभद्रेच्या उदरात असताना चक्रव्यूहभेदाचे ज्ञान ऐकले, ही कथा प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक आहे. याच कथेच्या आधारावर गर्भसंस्काराची पुस्तके व ध्वनिफिती मोठ्या प्रमाणात खपतात. शास्त्राने यातील किती भाग सिद्ध केला आहे?

पाळीपासून मोजल्यास पंचविसाव्या आठवड्याच्या आसपास गर्भ आवाजाला प्रतिसाद देऊ लागतो. बाहेरचे आवाज गर्भजलातून दबून पोहोचतात, आईचा आवाज मात्र तिच्या शरीरातूनही जातो. डीकॅस्पर व फायफर यांनी १९८० मध्ये चोखणीच्या साहाय्याने एक कल्पक प्रयोग केला. एका विशिष्ट लयीत चोखल्यास आईचा आवाज व दुसऱ्या लयीत चोखल्यास परक्या स्त्रीचा आवाज ऐकू येईल अशी त्यांनी व्यवस्था केली. तीन दिवसांपेक्षाही लहान बालकांनी आईचा आवाज मिळेल अशा रीतीने आपले चोखणे बदलले. १९८६ मध्ये डीकॅस्पर व स्पेन्स यांनी मातांना गरोदरपणाच्या अखेरच्या आठवड्यांत एक ठरावीक गोष्ट रोज मोठ्याने वाचायला सांगितली. जन्मानंतर बालकांनी नव्या गोष्टीपेक्षा तीच गोष्ट अधिक पसंत केली. २००९ मधील एका अभ्यासात फ्रेंच व जर्मन नवजात बालकांच्या रडण्याचा चढ-उतारही आपापल्या मातृभाषेच्या वळणाचा असल्याचे आढळले.

यावरून गर्भ आवाज, लय व नाद ओळखतो आणि स्मरणात ठेवतो हे सिद्ध होते. तो शब्दांचा अर्थ ग्रहण करतो, बुद्धिमत्ता विकत घेतलेल्या ध्वनिफितीने वाढते, याला मात्र आधार नाही. गर्भवतीला घरात बोलायला माणसे असावीत, तिने गावे, हसावे, एवढे सांगण्यासाठी शास्त्र पुरेसे आहे आणि त्यास खर्चही येत नाही.

प्रसूती

प्रसूतीच्या पहिल्या टप्प्यात कळांमुळे गर्भाशयमुख सुमारे दहा सेंटिमीटरपर्यंत उघडते, दुसऱ्यात बाळ बाहेर येते आणि तिसऱ्यात वार पडते. बाळाच्या कवटीची हाडे सांधलेली नसल्यामुळे ती जन्ममार्गातून येताना किंचित एकमेकांवर सरकतात. ज्या जागेला आपण टाळू म्हणतो तिचे प्रयोजन हेच. पुढची टाळू भरायला साधारण दीड वर्ष लागते, आणि ती तेल थापून भरत नाही.

कळा या केवळ बाळाला बाहेर ढकलण्यासाठी नसतात. त्या ताणामुळे बाळाच्या शरीरात जी संप्रेरके स्रवतात, ती फुप्फुसांतील द्रव शोषून घेण्यास साहाय्य करतात. कळा येण्यापूर्वीच ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेने जन्मलेल्या बाळांत श्वसनाचा त्रास अधिक आढळतो, त्याचे हे एक कारण आहे. पहिल्या श्वासाबरोबर रक्ताभिसरणाचा मार्गही बदलतो. हृदयाच्या दोन कप्प्यांमधील झडप मिटते आणि रक्त प्रथमच मोठ्या प्रमाणात फुप्फुसांकडे वळते. इतके मोठे शारीरिक स्थित्यंतर माणसाच्या आयुष्यात पुन्हा कधीही घडत नाही.

या स्थित्यंतराचे मोजमाप करण्यासाठी डॉ. व्हर्जिनिया अॅपगार यांनी १९५२ मध्ये एक साधी पद्धत तयार केली व १९५३ मध्ये ती प्रसिद्ध केली. हृदयाचे ठोके, श्वसन, स्नायूंचा ताण, प्रतिक्षिप्त प्रतिसाद व त्वचेचा रंग या पाच बाबींना शून्य ते दोन गुण देऊन पहिल्या व पाचव्या मिनिटाला एकूण दहापैकी गुण मोजले जातात. हे गुण तातडीच्या मदतीची गरज सांगतात. पालक कधीकधी समजतात त्याप्रमाणे ते भावी बुद्धिमत्तेचे प्रगतिपुस्तक नव्हे.

नवजात अर्भकाच्या क्षमता

नवजात अर्भकाच्या ठायी अनेक प्रतिक्षिप्त क्रिया असतात. गालाला स्पर्श होताच तोंड तिकडे वळवणे, तोंडात आलेली वस्तू चोखणे, तळहातावर ठेवलेले बोट घट्ट पकडणे, आधार सुटल्यासारखे वाटताच हात फैलावून पुन्हा जवळ घेणे या त्यांपैकी प्रमुख होत. उभे धरल्यास पावले टाकण्याची क्रिया दोनएक महिन्यांत लुप्त होते. मेंदूचे नियंत्रण वाढल्याने ती दबते असे पूर्वी मानले जाई. एस्थर थेलन व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये अशा बालकांचे पाय पाण्यात सोडले तेव्हा पावले पुन्हा पडू लागली! पाय चरबीने जड झाले होते, इतकेच.

नवजात बालकाला सुमारे २० ते २५ सेंटिमीटरवरचे त्यातल्या त्यात स्पष्ट दिसते. स्तनपान करताना आईचा चेहरा साधारण तेवढ्याच अंतरावर असतो. रॉबर्ट फँट्झ यांना १९६३ मध्ये असे आढळले की, पाच दिवसांच्या आतील बालकेदेखील साध्या रंगीत वर्तुळापेक्षा चेहऱ्याच्या आकृतीकडे अधिक वेळ पाहतात. गंधज्ञान तर त्याहूनही तीक्ष्ण असते. जन्मल्याबरोबर आईच्या पोटावर ठेवलेले व न हलवलेले बाळ सरकत सरकत स्वतःच स्तनापर्यंत पोहोचते. असे असताना त्याला आधी मध वा साखरपाणी चाटवणे आणि रोगप्रतिकारक द्रव्यांनी समृद्ध असा चीक पिळून टाकणे, ही प्रथा निसर्गाच्या अगदी विरुद्ध आहे.

सर्वच दावे टिकले आहेत असे नाही. मेल्टझॉफ व मूर यांनी १९७७ मध्ये दोन-तीन आठवड्यांची बालके जीभ बाहेर काढण्याचे अनुकरण करतात असे मांडले. २०१६ मधील एका मोठ्या अभ्यासात त्यास पुष्टी मिळाली नाही. हा वाद अद्याप मिटलेला नाही, त्यामुळे पाठ्यपुस्तकांतील ते प्रसिद्ध छायाचित्र वर्गात दाखवताना ही बाब सांगणे उचित ठरेल.

वेदनेचा प्रश्न याहून गंभीर आहे. अर्भकाची मज्जासंस्था अपक्व असल्याने त्याला वेदना होत नाहीत किंवा त्या लक्षात राहत नाहीत, या समजुतीने १९८० च्या दशकापर्यंत पाश्चात्त्य देशांतील नामांकित रुग्णालयांतही नवजात बालकांवर अपुऱ्या भुलीत शस्त्रक्रिया होत असत. स्नायू शिथिल करणारे औषध दिले जाई, त्यामुळे बाळ हलत नसे आणि रडतही नसे. डॉ. कंवलजित आनंद यांनी ऑक्सफर्ड येथे केलेल्या व १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पुरेशी वेदनाशामके दिलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये ताणाची संप्रेरके कमी स्रवतात व शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही कमी होते, हे दाखवून दिले. तेव्हा कुठे ही पद्धत बदलली.

पहिले अठ्ठावीस दिवस

आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात वैद्यकीय पदवी मिळवली. त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. वयाच्या चौदाव्या वर्षी झालेला त्यांचा मुलगा अवघे दहा दिवस जगला होता. त्यानंतर शंभर वर्षांनीही खेड्यापाड्यांतील नवजात मृत्यू ही जणू अटळ बाब मानली जात होती.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून प्रशिक्षण दिले. श्वास कोंडलेल्या बाळाला श्वास देणे, त्याला उबदार ठेवणे, वजन करणे, स्तनपानास मदत करणे व जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविके देणे ही कामे त्या घरी जाऊन करीत. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. २०११ मध्ये भारत शासनाने घरी जाऊन नवजात काळजी घेण्याची ही पद्धत आशा कार्यकर्तींमार्फत देशभर स्वीकारली. त्यानुसार रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी भेट दिली जाते. घरी जन्मलेल्या बाळाकडे पहिल्या दिवशीही जायचे असते.

आरोग्यदूतांना शिकवलेली धोक्याची लक्षणे पाहिली असता एक गोष्ट ध्यानात येते. बाळाचे चोखणे मंद झाले किंवा थांबले, रडणे क्षीण झाले, हातपाय लुळे पडले, अंग थंड लागू लागले, यांपैकी दोन लक्षणे एकत्र दिसली तर जंतुसंसर्गाची शंका घ्यायची. मानसशास्त्राच्या वर्गात नवजाताच्या क्षमता म्हणून जी यादी शिकवली जाते, तिच्यातीलच काही क्षमता मावळू लागल्याची ही चिन्हे आहेत. रक्ततपासणीची सोय नसलेल्या झोपडीत, काल व्यवस्थित दूध ओढणारे बाळ आज ओढत नाही, हे आईचे सांगणेच निदानाचा पहिला आधार ठरते.