पावडरीवरचं पाऊल

चिंचवड स्टेशनजवळची फिजिओथेरपीची खोली. माझा धाकटा भाऊ उजव्या कुशीवर निजलाय. उजव्या पावलाखाली गुळगुळीत फळी, फळीवर टाल्कम पावडर.

"दादा, पाऊल नडगीकडे ओढा. गुडघा नाही, फक्त पाऊल."

मॅडमची दोन बोटं घोट्याच्या पुढच्या बाजूला टेकलेली आहेत. भाऊ दात आवळतो. कातडीखाली एक शीर दोरीसारखी तट्ट होते आणि पाऊल पावडरीत बोटभर सरकतं.

"दोन," मॅडम कागदावर लिहितात. ताकद पाचपैकी दोन. पाऊल स्वतःचं वजन पेलत नाही, पण हालचाल आहे. मागच्या तपासणीत नुसतं फुरफुरत होतं. मला हसू येतं, डोळेही भरतात.

चाकणच्या प्रेस शॉपमध्ये तो उभ्याने काम करायचा. कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकली, पायाकडे जाणारी नस दबली. ऑपरेशननंतर कळ थांबली, पाऊल मात्र लुळंच राहिलं. आता दुखत नाही ना, मग कामावर कधी येतोस, असं जो तो विचारतो. दबलेल्या नसेचं नुसतं आवरण दुखावलं असेल तर ताकद काही आठवड्यांत, महिन्यांत परतते. आतला तंतूच तुटला असेल तर तो दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतो, आणि कंबरेपासून नडगी किती लांब! ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, आजारपणाचा भत्ता वर्षाला जास्तीत जास्त 91 दिवस, पगाराच्या 70 टक्के. नसेला ही मुदत कोण सांगणार? त्याच्यामागे घाई लावणाऱ्यांचा मला राग येतो.

तो उठून बसतो, पाऊल उचलून धरणाऱ्या स्प्लिंटशिवाय चार पावलं टाकून दाखवतो. गुडघा उंच, मग पाऊल फट्कन फरशीवर. तिसऱ्या पावलाला चप्पल निसटते.

"हललं ना मॅडम, आता स्प्लिंट काढू?"

"नाही. बोटं अडखळून पडाल. पोटरी आखडली तर आणखी त्रास."

"आणि बाइक?"

"मागच्या ब्रेकवर पाऊल चढवावं लागतं दादा. ते नीट उचलू लागलं की बघू."

तो एक नंबर मोठ्या बुटात पांढरं स्प्लिंट सरकवतो, पट्टा आवळतो. "ताई, अर्ज लिहून दे. बसून करायचं काम मागू. तपासणीच्या टेबलावर चालेल मला."

मी फाइलच्या पाठीवर लिहायला घेते.

"जिन्याची चढउतार नको, हेही घाला," मॅडम म्हणतात. "चिठ्ठी मी देते."