चार टेबले, एक पडदा : ऑनलाइन पोकरसाठी संगणक निवडताना

न्यू जर्सीत नोव्हेंबर २०१३ पासून ऑनलाइन पोकर कायदेशीर आहे, आणि दिवसभराचे काम आटोपल्यावर तासभर तो खेळणारे आपल्यातही आहेत. मात्र त्या तासात केवळ पोकर चालू असतो असे सहसा घडत नाही. एका कोपऱ्यात क्रिकेटचे प्रक्षेपण, दुसरीकडे कार्यालयातील संदेश, ब्राउझरमध्ये उघडे राहिलेले तीसेक टॅब आणि मधोमध खेळाची चार टेबले, असा सारा पसारा असतो. अशा वेळी संगणक काही क्षण गोठला तर त्याची किंमत रोख मोजावी लागते. समोरच्याने पैसे लावलेले असताना तुमची मुदत संपली, की तुमची पाने आपोआप टाकून दिली जातात. डावात आधी घातलेली रक्कम परत मिळत नाही.

‘गेमिंग’ असे बिरुद लावलेला, महागड्या ग्राफिक्स कार्डाचा संगणक हा यावरचा उपाय नव्हे. पोकरमध्ये पडद्यावर उमटायचे ते काय, तर पत्ते, चिप्स आणि आकडे. प्रोसेसरमध्ये अंगभूत असलेली ग्राफिक्स सुविधा त्यासाठी पुरेशी आहे. तेथे वाचलेले पैसे स्मृती, मॉनिटर आणि नेटजोडणी यांवर खर्च करावेत.

प्रथम स्मृती, म्हणजे रॅम. पोकरचा प्रोग्रॅम स्वतः फारसा खादाड नसतो. स्मृती खातात ते ब्राउझरचे टॅब, चित्रफिती आणि व्हिडिओ बैठका. रॅम भरली की विंडोज त्यातील मजकूर डिस्कवर हलवू लागते आणि नेमका तेव्हाच संगणक अडखळतो. शिवाय अनेक खेळाडू डावांची नोंद ठेवणारे पोकरट्रॅकरसारखे सॉफ्टवेअर वापरतात. त्याच्या पाठीमागे पोस्टग्रेएसक्यूएल हा पूर्ण क्षमतेचा डेटाबेस अखंड चालू असतो. म्हणून एसएसडी अनिवार्य समजावी. जुन्या फिरत्या डिस्कवर हा डेटाबेस रखडतो. आजच्या घडीला ८ जीबी रॅम अपुरी, १६ जीबी ठीक आणि डेटाबेस व बैठका दोन्ही चालवायच्या असतील तर ३२ जीबी, असे माझे मत आहे. पण माझ्या मतावर विसंबण्यापेक्षा नेहमीच्या संध्याकाळी नेहमीचे सगळे प्रोग्रॅम उघडून टास्क मॅनेजरमधील स्मृतीचा आकडा स्वतः पाहावा. मॅकबुकची स्मृती नंतर वाढवता येत नाही, तेव्हा ती खरेदीच्या वेळीच पुरेशी घ्यावी.

खरी गल्लत होते ती मॉनिटरच्या निवडीत. १९२० बाय १०८० बिंदूंच्या पडद्यावर चार टेबले मांडली की प्रत्येकाच्या वाट्याला ९६० बाय ५४० बिंदू येतात, आणि रकमांचे आकडे वाचताना डोळे बारीक करावे लागतात. २७ इंची, २५६० बाय १४४० बिंदूंच्या मॉनिटरवर हाच वाटा १२८० बाय ७२० होतो. माझ्या मते किमतीच्या मानाने हीच निवड सर्वांत समाधानकारक. त्याच आकाराचा फोर-के मॉनिटर घेतल्यास अक्षरे इतकी लहान दिसतात, की बहुतेक जण ती दीडपट मोठी करून घेतात. मग प्रत्यक्षात जागा पुन्हा २५६० बाय १४४० एवढीच उरते. अक्षरे अधिक रेखीव दिसतात हे खरे, पण एकही टेबल अधिक मावत नाही. उरलेल्या कामांसाठी घरातला जुना मॉनिटर बाजूला उभा जोडावा. मॅकबुक एअर असणाऱ्यांनी येथे सावध असावे: एम-१ आणि एम-२ चिपांची मॉडेल अधिकृतपणे एकच बाह्य मॉनिटर चालवतात, तर एम-३ मध्ये दुसरा जोडण्यासाठी लॅपटॉपचे झाकण मिटावे लागते.

नेटजोडणीत वेगापेक्षा सातत्याला महत्त्व आहे. डावाची माहिती अगदी थोडी असते. पण शेजाऱ्यांच्या वायफायच्या गर्दीत जोडणी दोनदा तुटली तर मोठा वेग काय कामाचा? दहा-पंधरा डॉलरची इथरनेट केबल येथे मोलाची ठरते. वीज गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालेल, पण राउटर बंद पडेल, हेही ध्यानात असू द्यावे. मोडेम आणि राउटरपुरता लहानसा यूपीएस पुरतो.

कार्यालयाने दिलेला लॅपटॉप मात्र या कामी वापरू नये. नोकरीच्या अटींचा प्रश्न तर आहेच, शिवाय तांत्रिक अडचणही आहे. परवानाधारक संकेतस्थळे तुम्ही राज्याच्या हद्दीत आहात याची पडताळणी सतत करतात, आणि कार्यालयाचे व्हीपीएन चालू असले की ती फसते. हडसन ओलांडून मॅनहॅटनला निघालेल्या गाडीतही खेळ असाच थांबतो, कारण न्यू यॉर्कमध्ये असा परवाना नाही. वेगळ्या संगणकासाठी मोठा खर्च करण्याचे कारण नाही. कंपन्यांनी काढून टाकलेले, दुरुस्त करून विकले जाणारे डेस्कटॉप यासाठी उत्तम. फक्त विंडोज ११ चालेल याची खात्री करून घ्यावी, कारण विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.