आधी खोली मोजावी, मग लेन्स घ्यावी

जुन्या लेन्समधील बुरशी कशी ओळखावी, हा विषय या हप्त्यासाठी ठरला होता; परंतु घाटकोपरच्या एका वाचकाने विचारलेला प्रश्न त्याआधी सोडवणे आवश्यक आहे, कारण त्याचे उत्तर चुकले तर पूर्णपणे निर्दोष लेन्सही घरात पडून राहते. व्यक्तिचित्रणासाठी ८५ मिलिमीटरची लेन्सच उत्तम असे जाणकार सांगत असताना या लेखमालेत ५० मिलिमीटरची शिफारस केवळ ती स्वस्त आहे म्हणून केली गेली काय, असा तो प्रश्न आहे. किंमत हे एक कारण आहेच. पण अधिक महत्त्वाचे कारण मुंबईच्या उपनगरांतील खोल्यांच्या मापात आहे.

चेहऱ्याचा आकार छायाचित्रात कसा उमटेल हे लेन्सवर नव्हे, तर कॅमेरा चेहऱ्यापासून किती दूर आहे यावर ठरते, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते. नाकाचे टोक आणि कान यांच्यात साधारण १२ सेंटिमीटरचे अंतर धरले, तर कॅमेरा नाकापासून अर्ध्या मीटरवर असताना नाक कानाच्या तुलनेत सुमारे २४ टक्के मोठे उमटते आणि चेहरा विद्रूप भासतो. तोच कॅमेरा दोन मीटरवर नेला की हा फरक ६ टक्क्यांवर येतो, जो डोळ्यांना जाणवतही नाही. म्हणून दीड ते दोन मीटरचे अंतर आधी निश्चित करावे आणि त्या अंतरावरून चौकटीत किती भाग हवा हे पाहून लेन्सचे नाभीय अंतर, म्हणजे लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेला आकडा, निवडावे.

आता प्रश्न एवढाच उरतो की हे दोन मीटर घरात मिळतात का. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील घराचे चटईक्षेत्र पूर्वी २२५ चौरस फूट होते, पुढे ते २६९ आणि नंतर ३०० चौरस फूट झाले. मुलुंड-बोरिवलीच्या जुन्या सोसायट्यांतील वन बीएचकेमध्येही दहा बाय बाराचा हॉल बहुतेकांच्या परिचयाचा आहे. अशा हॉलची खिडकी किंवा गॅलरी पुष्कळदा आखूड भिंतीला असते, आणि तिचा प्रकाश चेहऱ्यावर बाजूने पडावा यासाठी व्यक्तीला खिडकीजवळ बसवले, की कॅमेऱ्याला खोलीची बारा फुटांची लांबी न मिळता दहा फुटांची रुंदीच मिळते. लेन्स घेताना हॉल बारा फुटांचा आहे असे समजून चालणाऱ्याची फसगत होते ती इथेच. त्या दहा फुटांपैकी छायाचित्रकाराचे डोके आणि कॅमेरा यांना दीड फूट लागतो. बसलेल्या व्यक्तीमागची भिंत तीन फूट दूर असावी लागते, नाहीतर पाठीमागे सावली पडते. उरतात साडेपाच फूट, म्हणजे सुमारे १.७ मीटर, आणि तेही दिवाण सरकवल्यानंतर.

अंतराला सेन्सरच्या लांब बाजूने गुणून नाभीय अंतराने भागले की चौकटीत किती उंची मावेल याचा पुरेसा अंदाज येतो. स्वस्त कॅमेऱ्यांतील लहान सेन्सर, ज्याला क्रॉप सेन्सर म्हणतात, लांबीला साधारण २३ मिलिमीटर असतो. कॅमेरा उभा धरून १.७ मीटरवरून ८५ची लेन्स सुमारे ४६ सेंटिमीटर उंची टिपते, म्हणजे डोके आणि छातीचा वरचा भाग. ५०ची लेन्स ७८ सेंटिमीटर, म्हणजे जवळपास कमरेपर्यंत. आणि ३५ची लेन्स १.१ मीटर टिपते, ज्यात मांडीवर नातवंड घेऊन बसलेली आजी व्यवस्थित मावते. उभ्या माणसाचे पूर्ण चित्र डोक्यावर आणि पायाखाली थोडी जागा ठेवून घ्यायचे, तर ८५ला तब्बल २४ फूट मागे जावे लागते, आणि उपनगरातल्या घरात एवढी जागा शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचते.

मग ८५ची कीर्ती खोटी आहे काय? तसे मुळीच नाही. ती कीर्ती ३५ मिलिमीटर फिल्मच्या काळातली आहे, जेव्हा चौकटीची लांब बाजू ३६ मिलिमीटर होती. त्या चौकटीवर ८५ची लेन्स जेवढा भाग दाखवते, जवळपास तेवढाच भाग लहान सेन्सरवर ५०ची दाखवते. सल्ला तोच राहिला, सेन्सर मात्र लहान झाला. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात किंवा आरेच्या मोकळ्या रस्त्यावर लहान सेन्सरसह ८५ वापरणाऱ्याला ती खरोखरच सुंदर फळ देते, आणि ज्याचे काम मुख्यतः बाहेरचे आहे त्याने ती जरूर घ्यावी.

व्यक्तिचित्रणाच्या लेन्सचा इतिहास मुळात प्रकाशाच्या टंचाईचा आहे. व्हिएन्नात जोसेफ पेट्झवाल याने १८४० साली एफ ३.६ एवढे मोठे छिद्र असलेली लेन्स रचली आणि माणसाला कॅमेऱ्यासमोर मिनिटेच्या मिनिटे निश्चल बसवण्याची गरज संपत गेली. ती टंचाई जुलैतल्या तळमजल्यावरच्या घरात आजही आहे. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८–५५ची किट लेन्स ५५वर एफ ५.६पर्यंतच उघडते, एफ १.८ची लेन्स तिच्या नऊपटींहून अधिक प्रकाश आत घेते, आणि पावसाळी दुपारी फ्लॅशविना काम होते ते यामुळेच.

मागची भिंत पूर्ण अस्पष्ट होईल ही अपेक्षा मात्र घरात ठेवू नये. तीन फुटांवरच्या दिनदर्शिकेवरील बारीक मजकूर एफ १.८वर विरघळतो, पण तिचा चौकोन आणि ठळक तारखा ओळखू येतात; तेव्हा दिनदर्शिका खिळ्यावरून काढून ठेवणे हाच बिनखर्चाचा उपाय. शिवाय या अंतरावर एफ १.८ला जेमतेम आठ सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट राहतो, म्हणून फोकस जवळच्या डोळ्यावरच असावा.

कॅननधारकांनी ५० एफ १.८ लेन्सची २०१५पासूनची एसटीएम आवृत्ती पाहावी. तिचा माउंट धातूचा आहे आणि ती ३५ सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस करते. निकॉनच्या डी ३५०० किंवा डी ५६००सारख्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसल्याने जुनी ‘डी’ आवृत्ती स्वस्त दिसली तरी तिच्यावर स्वयंचलित फोकस चालत नाही. तिथे एएफ-एस जी आवृत्तीच घ्यावी.

लेन्स घ्यायला बोराबाजारात जाण्यापूर्वी प्रत्येकाने एक प्रयोग अवश्य करावा. घरातल्या कुणालाही खिडकीशेजारी बसवून, स्वतःची पाठ समोरच्या भिंतीला टेकवून, किट लेन्स आधी ३५वर आणि मग ५०वर ठेवून एकेक छायाचित्र घ्यावे; ज्या चौकटीत हवा तेवढा माणूस मावला, त्या आकड्याची लेन्स घ्यावी. बुरशीची तपासणी पुढच्या हप्त्यात येईल. वापरलेली लेन्स घेण्याचा व्यवहार वाचकांनी तोवर थांबवावा.