तराजूचीही पारख हवी : उमेदवारांच्या मानसशास्त्रीय चाचण्यांविषयी

पाचारणाची पारख करताना मानसशास्त्रज्ञाचा अहवाल आपल्या हाती येतो. त्यात आकडे असतात, आलेख असतो आणि एका तरुणाविषयी दोन-चार वाक्यांचा अभिप्राय असतो. त्या वाक्यांचा त्याच्या सेमिनरी-प्रवेशावर मोठा परिणाम होतो. खोट्या तराजूविषयी नीतिसूत्रांच्या ग्रंथात दिलेला इशारा व्यापाऱ्याइतकाच आपल्यालाही लागू आहे. म्हणून उमेदवाराला चाचणीस बसविण्यापूर्वी चाचणीचीच परीक्षा झाली पाहिजे. या परीक्षेची दोन अंगे आहेत : विश्वसनीयता व सप्रमाणता.

विश्वसनीयता म्हणजे मापनातील सातत्य. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिल्यास गुण जवळपास तेच यावेत; आणि जेथे गुण परीक्षकाच्या मतावर अवलंबून असतात, तेथे दोन परीक्षकांचे गुण जुळावेत. हे सातत्य ० ते १ यांमधील गुणकाने दाखवितात. एका व्यक्तीविषयी महत्त्वाचा निर्णय घ्यावयाचा असल्यास तो ०.९० च्या आसपास असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. सरासरी ५० व प्रमाण विचलन १० असलेल्या मोजपट्टीवर गुणक ०.९१ असेल तर मापनाची प्रमाण त्रुटी ३ गुणांची असते, ०.७५ असेल तर ५ गुणांची. म्हणजे दुसऱ्या प्रकारात ६३ आणि ६६ गुणांतील फरकाला फारसा अर्थ उरत नाही. मग ६५ ची सीमारेषा आखून एकाला आत घेणे व दुसऱ्याला परत पाठविणे न्यायाचे कसे ठरेल?

परंतु सातत्य म्हणजे सत्य नव्हे. रोज नेमके दहा मिनिटे मागे असणारे घड्याळ नियमित खरे. पण त्याच्या भरवशावर निघालेला माणूस मिस्सेला रोज उशिराच पोहोचतो. गुणांवरून आपण जो निष्कर्ष काढतो त्याला पुरेसा आधार आहे काय, हा सप्रमाणतेचा प्रश्न आहे. चाचणी एका हेतूसाठी, एका समाजात सप्रमाण ठरली म्हणून ती सर्वत्र तशी ठरत नाही.

मिनेसोटा बहुविध व्यक्तिमत्त्व चाचणीचे उदाहरण घेऊ. हॅथवे व मॅकिन्ली यांनी ती १९४३ साली प्रसिद्ध केली, ती मनोविकारांच्या निदानास साहाय्य व्हावे म्हणून. १९८९ च्या सुधारित आवृत्तीची प्रमाणके २,६०० अमेरिकन प्रौढांवरून ठरविली आहेत. तिच्या एका भागात १५ विधाने किरकोळ मानवी दोषांसंबंधी आहेत. ते दोष सरसकट नाकारणारा स्वतःला निर्दोष भासवितो, असा संशय घेतला जातो. पण धर्मसेवेच्या उमेदवारांचे या भागातील गुण पुष्कळदा सरासरीहून अधिक येतात. कडक शिस्तीत वाढलेल्या भाविक तरुणाने प्रामाणिकपणे दिलेले उत्तरही येथे लबाडी ठरू शकते.

भाषेचा प्रश्न याहून निकटचा आहे. घरी कोंकणी किंवा कन्नड बोलणारा आणि शाळेत मराठी शिकलेला मुलगा इंग्रजी विधानांना उत्तरे देतो, तेव्हा त्याचा स्वभाव मोजला जातो की त्याचे इंग्रजी? घाईने केलेल्या भाषांतरानेही हे संकट टळत नाही.

तेव्हा चाचणी निवडताना पुढील प्रश्न विचारावेत. ती कोणत्या हेतूने रचली? प्रमाणके कोणत्या लोकांवरून व कोणत्या साली ठरली? विश्वसनीयतेचा गुणक किती, व तो कसा काढला? आपल्या उमेदवारांच्या भाषेत तिची सप्रमाणता तपासली आहे काय? अर्थ लावणारा प्रशिक्षित आहे काय? समाधानकारक उत्तरे न मिळाल्यास ती चाचणी बाजूस ठेवावी.

कॅथॉलिक शिक्षणविषयक रोमन मंडळाने २००८ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार मानसशास्त्रज्ञाचे साहाय्य पूरक आहे. पाचारणाचा निर्णय त्याच्यावर सोपविता येत नाही. उमेदवाराची समजून-उमजून दिलेली मुक्त संमतीही आवश्यक आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतील २२० वा नियम प्रत्येकाच्या खाजगीपणाचा हक्क राखतो. ज्या कॅटेकिस्टने त्या मुलाला दहा वर्षे वेदीजवळ, घरी आणि खेळाच्या मैदानावर पाहिले आहे, त्याची साक्ष अहवालाशेजारी ठेवून वाचावी. दोन्हींत विरोध दिसला तर घाईने निर्णय न घेता उमेदवाराला पुन्हा भेटीस बोलवावे.