केबलच्या दाखल्यावाचून प्रवेश नाही

अमेरिकेत एखाद्या वाहिनीचे अ‍ॅप टीव्हीवर फुकट उतरवून घेता येते. परंतु ते उघडताच पडद्यावर एक सांकेतिक क्रमांक उमटतो, तो वाहिनीच्या संकेतस्थळावर भरून यादीतून आपली केबल कंपनी निवडावी लागते, आणि त्या कंपनीच्या दप्तरी आपले खाते चालू असल्याची रुजुवात झाल्यावाचून बहुतेक कार्यक्रम दिसत नाहीत. ज्याने केबलला रजा देण्यासाठीच इंटरनेटचा आश्रय केला, त्याच्याकडेच केबलचा दाखला मागावा, हा प्रकार संतापजनक खरा. मात्र तो यंत्रातील दोष नसून करारनाम्यातील अट आहे.

तेथील केबल कंपनी वाहिनीला दर ग्राहकामागे दरमहा ठरावीक रक्कम देते, आणि वाहिन्यांचे गाठोडे एकत्रच विकले जात असल्यामुळे, ज्याने क्रीडावाहिनी जन्मात कधी लावली नाही, त्याच्या बिलातूनही तिचा हिस्सा वसूल होतो. असे बिनबोभाट उत्पन्न सोडून एकेका प्रेक्षकाच्या दारी वर्गणी मागत फिरण्यास कोणती वाहिनी सहजासहजी राजी होईल? २००९ मध्ये वाहिन्यांची मालक टाइम वॉर्नर आणि केबल कंपनी कॉमकास्ट यांनी ‘टीव्ही एव्हरीव्हेअर’ची योजना जाहीर केली, ती याच हिशेबाने: केबलच्या ग्राहकास इंटरनेटवर पाहण्याची मुभा, इतरांस मज्जाव. एचबीओने २०१५ मध्ये केबलविना वर्गणी स्वीकारली; ईएसपीएनच्या मुख्य क्रीडावाहिनीसाठी मात्र २०२५ चा ऑगस्ट उजाडावा लागला, आणि तेव्हाही दर ठरला दरमहा सुमारे ३० डॉलर.